वंदनाकाकूनं 'अलाऊ' दाबलं

वंदनाकाकू कोणाले नाही म्हणत नाही. हे मी कौतुकानंच सांगून राहिलो, पण घोळही त्यातूनच झाला.

गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत तिचं ऑनलाइन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तीन स्टूल अन् भिंतीवर तिच्या हातानं लिवलेली पाटी, 'पासवर्ड हळू सांगावा'. कोणीच हळू सांगत नाही. लोकं रस्त्यावरूनच ओरडतात, "काकू, तोच जुना, गणपती एक दोन तीन." काकू म्हणते, "झालं, आता साऱ्या गांधीबागेले पाठ झाला."

मी फर्स्ट इयरले फॉर्म भराले गेलो अन् तिथलाच होऊन गेलो. तिले मराठी टाइप कराले लय त्रास व्हायचा, म्हणून मीच तिच्या ब्राउझरमध्ये एक फुकटचं एक्स्टेंशन टाकून देल्लं. इंग्रजी अक्षरं दाबली का मराठी उमटते. अन् 'मले' लिवलं तं ते 'मला' करत नव्हतं, इथंच काकू फिदा. येणाऱ्याजाणाऱ्याले दाखवे, "पाहा, हे आपल्यासारखं बोलते."

मागच्या महिन्यात ते अपडेट झालं अन् स्क्रीनवर चौकट आली, सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचाची अन् बदलाची परवानगी पाहिजे म्हणे. काकूनं 'अलाऊ' दाबलं.

या मंगळवारी ब्राउझरनं स्वतःच ते बंद केलं, धोकादायक आहे म्हणून. मी नेटवर शोधलं तवा समजलं. बनवणाऱ्यानं ते कोणाले तरी विकून टाकलं होतं, अन् नवा मालक टाइप होईल ते सारं चुपचाप उचलून राहिला होता. तीन आठवडे. स्कॉलरशिपवाले, पेन्शनवाले, साऱ्यांचे पासवर्ड.

"काकू, परवानगी काहून देल्ली तू?"

"त्यानं विचारलं गा. दारात येऊन 'येऊ का' म्हणते, त्याले नको म्हणू का?"

"तो पाहुणा नव्हता."

"मले का माहीत. मराठी तं चांगलं बोले."

मले हसू आलं अन् रडू बी. पहिले ते एक्स्टेंशन काढून फेकलं. मंग मी बोलून गेलो, "काकू, कोणाले सांगू नको. सर्व्हर बदलला म्हणू अन् पासवर्ड बदलून घेऊ. खरं सांगतलं तं उद्यापासून इथं कोणी पाय ठेवणार नाही."

काकू पाटीकडे पाहत बसली. अकरा वर्षांपासून ती एकटी हे सेंटर चालवते, दुसरं काहीच नाही तिच्याजवळ.

"लोकं मले पासवर्ड ओरडून सांगतात, केयूर. काहून सांगतात?"

तिनं गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही उघडली अन् फोन घेतला.

"नमस्कार, मी वंदना बोलून राहिली, ऑनलाइनवाली. माह्या दुकानात चूक झाली. तुमचा पासवर्ड चोरीले गेला असंन, आजच बदला." शेहेचाळीस फोन. एक जण तं दहा मिनिटं शिव्या देत होता, अन् ही, "हो न भाऊ, बरोबर आहे तुमचं." दर फोनले मी वाट पाहत होतो, आता माह्यं नाव येईन. आलंच नाही.

"काकू, सांग न, मी टाकलं होतं म्हणून."

"तू टाकलं तवा ते चांगलं होतं. 'अलाऊ' मी दाबलं. पुढचा नंबर लाव."

बुधवारी दुपारपर्यंत कोणी आलं नाही. काकूनं कीबोर्ड तीनदा पुसला. मी नजर चोरून मोबाइल पाहत बसलो. अन् मंग भिवापूरच्या सुभद्राबाई, पेन्शनवाल्या, एसटीनं आल्या. त्यांच्या पिशवीतल्या मिरचीनं आम्ही दोघंही शिंकून राहिलो.

"वंदने, काल फोनवर का म्हणे तू, मले काही समजलं नाही. बदलाचा आहे न, तं तूच बदलून दे वं. लिव नवा..."

"थांबा, मावशी." काकूनं कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला, दोन्ही कानात बोटं घातली अन् भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सुभद्राबाईनं मले विचारलं, "हिले का झालं गा?"

"काही नाही. तुम्ही टाइप करा."

त्या एका बोटानं दाबू लागल्या, अन् दाबलेलं दर अक्षर मोठ्यानं म्हणू लागल्या.

"मावशी," काकू भिंतीकडूनच बोलली, "मले ऐकू येऊन राहिलं."