घोड्याचा उजवा पाय

त्या घोड्याचा पुढचा उजवा पाय अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चाकणजवळच्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. तिथल्या कंपनीत फिटर असलेला, लातूरकडचा एक माणूस भाडेकरू नोंदणीसाठी ठाण्यात आला. सुटीच्या दिवशी डोंगरवाटांनी फिरायला त्याला घोडा घ्यायचा होता. गावातल्या एका घोडेवाल्याशी बोलणी चालली होती.

"साहेब, मी बाहेरचा. इथली माणसं मला ठाऊक नाहीत," तो म्हणाला.

घोडेवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. वरातीला घोडे देणारं जुनं घर. बंदोबस्ताला आमचा चहा तिथूनच यायचा. मी फिटरसमोरच फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि घोडा कसा आहे ते विचारलं.

"बिनधास्त डोंगरात घाला, साहेब. घोड्याला काय बी दुखणं न्हाई."

मी फिटरला म्हणालो, "डोळे झाकून घ्या." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या शब्दाला वजन आहे, याचा मला अभिमान होता.

महिन्याभरात एका उतारावर घोडा तोंडावर पडला. फिटर त्याच्याखाली सापडला आणि कंबरेपासून खाली लुळा झाला. स्टेशन डायरीत अपघात म्हणून नोंद झाली, आणि ती तेवढ्यावरच राहिली असती.

पण चार दिवसांनी गावातला नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा, स्वतःहून आला. मग म्हणाला, "साहेब, त्या घोड्याच्या म्होरल्या उजव्या पायाला नाल मारताना खिळा जित्या मासात गेला. रगत आलं, पर घोडं हाललं बी न्हाई." त्याने हे घोडेवाल्याला तेव्हाच, विक्रीच्या आधी, सांगितलं होतं. आपलं काम कर आणि घरी जा, असं उत्तर मिळालं होतं.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून पंचांसमक्ष तपासणी केली. उजव्या खुराच्या वर, केसांखाली, टाक्यांचे जुने व्रण निघाले. डॉक्टरांनी तिथे सुई टोचली. घोडा गवत खात राहिला. मुळात लंगडणाऱ्या या घोड्याचं लंगडणं लपवायला त्याच्या पायाची, दुखणं जाणवणारी नस कापलेली होती. असा घोडा सपाटीवर सरळ चालतो. डोंगरात मात्र पाय दगडावर कसा पडला हे त्याला कळत नाही.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवून घोडेवाल्याला अटक केली. हात उगारला नाही. तासभर तो नाहीच म्हणत होता. डॉक्टरांचा अहवाल आणि नालबंदाचा जबाब समोर ठेवल्यावर खुर्चीत मागे रेलला.

"व्हय, कापली नस. मंग घोड्याचं दुखणंच गेलं ना? तुमी फोनवर इचारलं तवा दुखणं न्हाई म्हणालो. खोटं काय बोललो, साहेब?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. फोनवरचं बोलणं मात्र चाललं असतं. त्यासाठी मला साक्षीदार व्हावं लागलं असतं, तपास दुसऱ्याकडे गेला असता आणि मी घोडेवाल्याची शिफारस का केली, हा प्रश्न आला असता. त्याच वर्षी माझ्या बढतीची फाईल वर गेली होती.

दवाखान्यात फिटरचा जबाब घेताना फोनचा विषय निघाला. माझं पेन थांबलेलं त्याला दिसलं असावं. "तुमचं नाव नका लिहू, साहेब. तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं होतं," तो म्हणाला.

मी लिहिलं नाही.

कोर्टात नालबंद फितूर झाला. त्याला त्याच गावात राहायचं होतं. मग आरोपीच्या वकिलांनी फिटरला विचारलं, "डॉक्टरला न दाखवता घोडा घेतलात. कुणाच्या भरवशावर?"

चाकाच्या खुर्चीतून त्याने सरकारी वकिलांच्या मागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "माझीच चूक झाली," म्हणाला. नस कापल्याचं घोडेवाल्याला ठाऊक होतं हे सिद्ध झालं नाही, तो निर्दोष सुटला. मला बढती मिळाली.

सेवेत काय शिकलात, असं लोक विचारतात. माणूस ओळखायला शिकलो, असं मी पूर्वी ऐटीत सांगायचो. आता सांगतो, जबाब देणारा बोलेल ते सगळं लिहून घ्यावं. त्यात आपलं नाव आलं तर आधी लिहावं. नालबंदाला मी फितूर म्हणतो खरा. पण फिटरचं फोनबद्दलचं वाक्य गाळून पुढची ओळ लिहिताना माझा हात जरासुद्धा हलला नव्हता.