तोंडाने वाजवलेलं इंजिन

युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. जर्मनीत नेकारसुल्म गावी जुन्या गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात एक जर्मन आजी आपल्या अमेरिकन व्ही-एट इंजिनाच्या गाडीसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, निवडत होत्या. एकेक उचलायच्या, उंचवट्यांवरून अंगठा फिरवायच्या आणि तो बसवल्यावर इंजिन कसं वाजेल, ते तोंडाने वाजवून बघायच्या.

मी पडलो इंजिनवाला! न राहवून सगळ्यात ताकदीचा दाखवला. त्यांनी तोही वाजवला. धड, धडधड, धड.

“आल्झो, म्हणजे तशी गाडी पळेल झकास. पण सिग्नलला अख्खी गाडी थरथरेल,” त्या म्हणाल्या. “नवरा हॉस्पिटलमधून आला की इटलीला जायचंय. त्याचा हात आधीच कापतो. कॉफी सांडेल.”

त्यांनी मवाळ कॅमशाफ्ट घेतला.

“कधी येणार ते?” मी विचारलं.

“डॉक्टर काही सांगत नाहीत,” म्हणत त्यांनी शेजारच्या टेबलावरचे चिनी मातीचे दोन कप कागदात बांधून घेतले.