उतू गेलेला डोंगर

लेकीच्या वर्गाची सहल इथल्याच, जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ भागात जाणार होती आणि सोबतीला दोन पालक हवे होते. विमानतळाजवळच्या हॉटेलात मी खोल्या आवरते. आठवडाभर पलंग ओढून कंबर धरली होती आणि नेमका तोच माझ्या सुट्टीचा दिवस. मी नवऱ्याला म्हटलं, अहो, तुम्हीच जा की, तुमचं जर्मन चांगलं आहे. तर म्हणाले, "तिथला ज्वालामुखी कधीच विझलाय. पोळणार नाहीस, जा."

भीती ज्वालामुखीची नव्हती. मी आठवीतून शाळा सोडलेली. आजही शाळेच्या इमारतीत पाय ठेवला की आता कुणीतरी उभं करून प्रश्न विचारणार, असं वाटतं. लेकीच्या बाई माझ्याशी मुद्दाम सावकाश बोलतात, समजलं का म्हणून परत विचारतात. त्यांचे उपकारच आहेत. पण त्या सावकाश बोलायला लागल्या की मुलं माझ्याकडे बघतात, आणि लेक खाली बघते.

सहलीत तिला तिथल्या एका तळ्याकाठी वर्गासमोर भाषण करायचं होतं. विषय तिनंच घेतला होता: ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांच्या ज्वालामुखीच्या कथा. आपल्याकडे असं काही आहे का, असं तिनं एका संध्याकाळी जर्मनमध्येच विचारलं. मला इतका आनंद झाला की कणीक तशीच टाकून मी सांगायला बसले. आमच्या गावामागचा काळा डोंगर. देवीनं सगळ्या माणसांसाठी चुलीवर भात ठेवला आणि वाऱ्याला राखणीला बसवलं. वाऱ्याला राहवेना. त्यानं झाकण उचललं. भात उतू गेला, थरावर थर चढले, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा झाला. बुडबुडे फुटले तिथं दगडाला भोकं पडली, आणि भोकांत शितं अडकली, त्या पांढऱ्या गारगोट्या. माझ्या आत्यानं सांगितलेली ही गोष्ट.

लेकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ऑस्ट्रेलियातल्या त्या लोकांच्या पूर्वजांनी ज्वालामुखी खरंच पाहिला होता. आमचा डोंगर मात्र माणूस जन्मायच्या किती आधीचा! तेव्हा बघायला कोण होतं? ही गोष्ट भाषणात चालणार नाही. "मग ती नुसती गोष्ट आहे," ती म्हणाली. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली. आत्याकडून ऐकलेलं माझ्यापाशी एवढंच होतं. ते हिनं घेतलं नाही तर माझ्यामागं कोण सांगणार, हा विचार पुढे कितीतरी दिवस चादरी बदलताना डोक्यात होता.

सहलीच्या दिवशी बसमध्ये मी डोळे मिटून होते, झोप नव्हती. ते तळं म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी. गोल, गार, शांत. काठावर उभी राहून लेकीनं ऑस्ट्रेलियातली कथा सांगितली. दोन तरुणांनी पाळायचा नियम मोडला, जमीन गरजली, आभाळाला कधी न पाहिलेला रंग आला, आणि जमीन खचली तिथं तळी झाली. ते लोक म्हणतात, तेव्हा तिथं आजचं दाट जंगल नव्हतं, मोकळं रान होतं. शास्त्रज्ञांनी तिथल्या तळ्याच्या गाळातले जुने परागकण तपासले, तर तेच निघालं. इतकी वर्षं गोष्ट बिघडली कशी नाही? तर त्या देशातल्या काही लोकांत सांगणारा एकटा नसतो. चूक झाली की अडवायचं काम नात्यातल्या ठरलेल्या माणसांचं असतं. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण हे कळलं.

परतताना वाटेवर तिच्या मैत्रिणीनं भोकाभोकांचा काळा दगड उचलला आणि हा असा का, म्हणून विचारलं. मी दोन पावलं मागं होते. लेक सहज सांगायला लागली, जर्मनमध्ये: आईच्या गावाकडे म्हणतात, एक देवी भात शिजवत होती, आणि झाकण ठेवायला विसरली...

मी दमले होते. गप्प राहणं सोपं होतं, दिवसभर तेच केलं होतं. पण देवी विसरली नव्हती.

"नाइन," म्हणजे नाही, मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मुली थांबल्या, पुढच्या बाईही वळल्या. "नाही विसरली. वारा. झाकण वाऱ्यानं उचललं." सगळं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये.

लेकीचे कान लाल झाले. आता ही मान फिरवणार, असं मला वाटलं.

"वारा का उचलेल?" तिनं विचारलं. मराठीत, जरा रागानंच.

"राहवलं नाही त्याला. राखणीला बसवलं होतं ना."

"आल्झो," तर मग, म्हणत ती मैत्रिणीकडे वळली आणि पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी राखणीला बसवलेल्या वाऱ्यापासून.