आम्हा दोघींतली सुटी किडनी

आम्ही दोघी जुळ्या बहिणी, आणि सारख्या इतक्या की एकीला ताप आला तरी आई काढा दोघींना पाजायची. दुसरीने कुरकुर केली की म्हणायची, "पी गो, आत कुठं वेगळं हाय?" बहिणीने केलेल्या खोड्यांचा मारही मी असाच कितीदा खाल्ला आहे. त्यामुळे सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन चाळिशीत तिच्या दोन्ही किडन्या बसल्या, तेव्हा कुडपणला माहेरी रडारड झाली खरी, पण चहा होईपर्यंतच. बिरवाडीला सासरी माझ्या पोटात दोन धडधाकट होत्याच की!

तिला गावातच दिलेली. डायलिसिससाठी घाट उतरून महाडला यायची आणि माझ्याकडे मुक्काम करायची. पाणी मोजून प्यायचं, त्यामुळे ती ग्लासाकडे अशी बघायची की मला हसू फुटायचं, आणि मी हसले की ती हसायची. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की जुळ्या बहिणीची किडनी तिच्या शरीराला परकी वाटायचीच नाही. मला म्हणाले, "विचार करून सांगा." मी विचार करायला घेतला. बाकीच्यांनी ती पायरीच गाळली. चुलत्यांनी मुंबईला फोन करून ऑपरेशनला कोण कोण येणार ते ठरवूनही टाकलं.

मला भीती वाटत होती. पोट फाडून घ्यायची, एकाच किडनीवर म्हातारं व्हायची, आणि सगळ्यांत जास्त, भीती वाटते हे कुणाला कळायची.

त्यातच चुलतभाऊ मुंबईहून रजेवर कुडपणला आला, मीही माहेरी गेलेले. ओटीवर सगळे बसलेले, मी लसूण सोलतेय, आणि हा मोबाईल नाचवत सांगतोय, "आता टेन्शनच नाय. फ्यूचरमधे माणसाची डिट्टो कॉपी बनवणार. क्लोन! आपली किडनी गेली की कॉपीची काढायची. मॅचिंगची कटकटच नाय."

"आन ती कापी ऱ्हाणार कुठं?" चुलतीने विचारलं.

"लॅबमधे ठेवतील."

"तिचं बारसं कोण करील?"

"काकी, बारसं कशाला? ते स्पेअर पार्टसाठी."

चुलती खवळली. "स्पेअर? हातपाय हायत, रडतंय, भूक लागतेय, आन तू त्याला स्पेअर म्हनतोस? आपल्या गुराला पन आपन नाव ठेवतो रे!"

भाऊ म्हणाला, त्याला मेंदूच नसेल असं बनवतील. त्यावर तर गदारोळच झाला. मुद्दाम बिनडोक्याचं जन्माला घालायचं नि वर त्यालाच कापायचं, हे कुठलं पाप? एकाने विचारलं, कॉपी पळून गेली तर? दुसरा म्हणाला, पळेल कशाला, सरळ येऊन जमिनीत वाटा मागेल. कुणी म्हणालं, मुंबईचे शेठ चार चार कॉप्या पाळतील आणि आपल्या वाडीत साधी वीज टिकत नाही. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुलत्यांनी शेवटी मांडी थोपटून निकाल दिला, "त्या बिचाऱ्याला इचारल्याबिगर त्याचं काय बी काढायचं नाय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पुढच्या महिन्यात मोकळी हायस ना गो?"

आता लसूण फेकून मारावा की हसावं, मला कळेना. मी हसले. क्लोनसाठी अख्खी ओटी पेटून उठली होती, आणि मी तर समोर बसले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कौल लावायचं ठरलं. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. चुलते हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हाराजा, थोरलीनं धाकटीला किडनी द्यावी काय?" मी आधी जन्मले, म्हणून त्यांच्या लेखी थोरली मी. उजवी कळी टपकन पडली. कुणीतरी घंटा बडवली.

"थांबा!" चुलती मागून ओरडली. "थोरली कोन?"

आमच्याकडे जुळ्यांत मागून आलेलं मूल थोरलं धरतात. आत आधी रुजलं ते तळाशी, म्हणून बाहेर शेवटी येतं, असा हिशोब. चुलत्यांचं आयुष्य नोकरीपायी मुंबईत गेलं, ते हे विसरले. देव थोडाच विसरतो! देवाच्या लेखी थोरली माझी बहीण. म्हणजे जिच्या दोन्ही किडन्या बसल्यात, तिने आपली किडनी धडधाकट बहिणीला द्यावी, असा देवाचा आदेश निघाला होता.

बहीण आधी फुसकन हसली, मग मी. मग गुरवही तोंड फिरवून खांदे हलवू लागला. चुलते तांबडे झाले. "परत लावा!" गुरव म्हणाला, "आज नाय. एकच गोष्ट देवाला दोनदा इचारायची नाय."

"मला एकदा तरी विचारा!" मी म्हणाले. हसता हसताच म्हणाले, पण आवाज फाटला. कुणी काही विचारलं नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

बहीण मागून आली. पावलं सुजलेली, एवढं चालूनही धाप लागलेली. शेजारी टेकली, माझा हात हातात घेतला.

"मी इचारते. तुझी किडनी मला देशील काय गो?"

"नाय," मी म्हणाले.

हा शब्द तोंडातून कसा निघाला देव जाणे. पण तो निघाला आणि अंगातून गारगार वारा गेल्यासारखं वाटलं. मला नाही म्हणता येत होतं!

तिचे डोळे भरले. "बरं," ती म्हणाली. तिने माझा हात सोडला नाही.

"खरंच बरं?"

"रडायला येतंय मला. मला जगायचं हाय. पन तू नाय म्हनालीस ना, मग नाय."

ती उठायला लागली. मी तिला खाली ओढलं.

"देते."

"आत्ता तर नाय म्हनालीस!"

"म्हणून बघितलं."

तिने माझ्या पाठीत असा दणका घातला की हिला आजारी कोण म्हणेल! मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत आणि हसत बसलो. आवाज ऐकून चुलते धावत बाहेर आले.

"काय झालं? परत लावला काय कौल? देवानं दिली काय उजवी?"

बहिणीने पदराने नाक पुसलं.

"देवानं नाय," ती म्हणाली. "हिनं दिली."