शंकर नगरचे यानोमामी

ॲमेझॉनच्या जंगलातलं राजकारण घरच्या भाऊबंदकीइतकं पाठ असलेला माणूस अख्ख्या छत्तीसगढात एकच झाला, आणि दैवयोगानं तो सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. रायपुरातल्या भनपुरीच्या एका धर्मकाट्यावर त्यांनी तीस वर्षं ट्रक तोलले. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच ते नुसत्या टायरांकडं बघून वजन सांगत आणि मग काटा आपलं ऐकतो की नाही ते तपासत. त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यात नागपूरकडून रायपुरात आलं, आणि तेव्हापासून घरातल्या कुणीही गाव सोडलं नाही याचा त्यांना फार अभिमान होता. निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी ते गोल बाजारात कुकरची शिट्टी आणायला गेले आणि शिट्टीऐवजी कव्हर फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. पुस्तक होतं यानोमामींविषयी. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या जंगलात राहणारे हे लोक. सासऱ्यांनी मांडीवर शब्दकोश घेऊन ते पुस्तक तीनदा वाचलं, आणि तिसऱ्या वाचनानंतर ते लोक 'आपले यानोमामी' झाले. कुकर महिनाभर मुका राहिला. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त रायपुरात आलेला, यांच्या एकुलत्या एका मुलीशी लग्न करून दोन गल्ल्या सोडून राहणारा. मला आज ना उद्या पुण्याला बदली घ्यायची होती आणि त्यांना ते ठाऊक होतं. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं.

उत्साह असा, की सकाळी सहाला फोन यायचा. "जवाईबापू, झोपून राहिले काय? आपल्या यानोमामीचं एक नवीन सापडलं." एकदा सापडलं ते असं, की त्यांचे वैदू झाडाच्या सालीची पूड लांब नळीतून एकमेकांच्या नाकात फुंकतात. मग जंगलातले बारीक, चमचमते आत्मे नाचत नाचत खाली उतरतात आणि वैदूच्या छातीत घर करून राहतात. सासऱ्यांना ते छातीतलं घर फारच आवडलं. "माह्या छातीत डॉक्टरले फक्त कफ सापडते," ते म्हणाले. ती साल इथं कुठली मिळायला, तेव्हा त्यांच्या आईची तपकिरीची डबी निघाली आणि विजेच्या फिटिंगचा हातभर पाइप निघाला. फुंकणारा कोण, तर जावई. सासऱ्याच्या नाकात फुंकणं कोणत्या शास्त्रात बसतं मला माहीत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरची आशा पाहून मी जीव खाऊन फुंकलं. बावीस शिंका आल्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाविसाव्या शिंकेनंतर ते डोळे मिटून पडून राहिले. "दिसले का बाबा?" मी हळूच विचारलं. "दिसले," ते म्हणाले, "पण त्यायनं मले वळखलं नाई." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नाक टमाट्यावानी झालं, अन् म्हणे आत्मे." पाइप माळ्यावर गेला तो गेलाच.

राजकारणात मात्र त्यांना यश आलं. आमच्या शंकर नगर कॉलनीच्या कोपऱ्यातल्या मैदानात कुणीतरी घराचा मलबा आणून टाकला होता, आणि तो कुणी उचलायचा यावरून कॉलनीत दोन तट पडले होते. दोन्ही तटांनी यांना अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. हे म्हणाले, "आपल्या यानोमामीत मुखिया हुकूम नाई देत. देल्ला तरी कोणी ऐकत नाई. काम निघालं की तो एकटा सुरू करते, ज्याले वाटलं तो येते." दुसऱ्या दिवशी सकाळी हे झाडू आणि घमेलं घेऊन मैदानात. पहिल्या दिवशी लोकांनी गॅलरीतून विचारलं, "भैया, कुछ गिर गया क्या?" तिसऱ्या दिवशी मी लाजेकाजेस्तव गेलो. चौथ्या दिवशी दोन्ही तटांचे पुढारी आपापले झाडू घेऊन हजर झाले, कारण श्रेय दुसऱ्याला जाईल या भीतीनं दोघांनाही झोप लागली नव्हती. आठवड्यात मैदान लख्ख. त्यानंतर रोज संध्याकाळी सासरे मैदानाच्या मधोमध उभे राहून भाषण करू लागले, कारण तिकडचे वडीलधारे असंच करतात. नळ वाहता ठेवू नका, गाईला शिळं घालू नका, भांडलात तर जेवायच्या आधी मिटवा. लोक अदबीनं खिडक्या लावून घेत. मी त्यांना म्हटलं, बाबा, कुणीच ऐकत नाही. ते म्हणाले, "तिकडं बी नाई ऐकत. झुल्यात पडून राहतात. पण बोलणाऱ्यानं बोललं पायजे."

आणि मग जूनमध्ये माझं पुण्याचं पत्र आलं. ऑगस्टअखेर हजर व्हायचं होतं. त्या दिवशी सासरे मैदानात गेले नाहीत, भाषण झालं नाही, आणि खिडक्या उघड्या ठेवूनही लोकांना चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सहाला फोन. "जवाईबापू, आपल्या हातून एक गलती झाली. लग्नाले चार वर्षं झाली, पण तुमी सासऱ्याची सेवा केलीच नाई." तिकडं म्हणे लग्न झालं की नवरा सासऱ्याच्या शेजारी राहतो, त्याला शिकार आणून देतो, सरपण आणून देतो, आणि अशी काही वर्षं गेल्यावर मगच बायकोला घेऊन जाऊ शकतो. "किती वर्षं?" मी विचारलं. "ते सासऱ्यावर असते," ते म्हणाले. माझी बायको शेजारून फोनमध्ये बोलली, "बाबा, ये नियम आपको कल ही मिला क्या?" "हव," ते शांतपणे म्हणाले. "पुस्तकात पयल्यापासून होता, मले काल दिसला."

दोन महिन्यांचाच प्रश्न होता, म्हटलं म्हाताऱ्याचं मन राखू. सरपण म्हणजे गॅसचा सिलिंडर. तो मी फाटकापासून पहिल्या मजल्यापर्यंत खांद्यावरून न्यायचा, आणि सिलिंडरवाला खाली उभा राहून आपलं काम दुसरा करतोय हे कौतुकानं बघायचा. शिकार म्हणजे रविवारचा बाजार. पावसाळ्यात इकडच्या सालवनात पुटू नावाची गोटीएवढी अळंबी निघते, बायका ती सोन्यासारखी जपून विकतात. मी ती धडपडून मिळवली, चिखल धुतला, आणि जेवायला बसलो तर माझ्या पानात नुसतं वरण. "शिकाऱ्यानं आपली शिकार खायाची नसते," सासऱ्यांनी पुटूचा रस्सा भुरकत सांगितलं. वर आणखी एक नियम होता. तिकडं जावई आणि सासू एकमेकांकडं बघत नाहीत, बोलत नाहीत, फार अदब असते. सासूबाईंना ही भूमिका अशी काही आवडली की विचारू नका. त्या पडद्याआडून लांब डावानं वाढायच्या आणि फ्रिजशी बोलायच्या. "फ्रिजबाई, जवाईबापूले विचारा, भात अजून पायजे काय?" मी फ्रिजला नको म्हणून सांगायचो. सोमवारी ऑफिसात डबा उघडला तर पोळ्यांखाली वाटीभर पुटू लपवलेला. बोलणं बंद असल्यामुळं आभार मानायचीही सोय नव्हती.

एकदा मात्र सासूबाई फ्रिजला सोडून माझ्यादेखत थेट सासऱ्यांशी बोलल्या. त्या शिकरण कालवत होत्या आणि सासरे रंगात येऊन सांगत होते, की तिकडं माणूस गेला की त्याची राख केळ्याच्या पेजेत कालवून घरचे लोक पितात, म्हणजे तो परक्या मातीत पडत नाही, आपल्याच माणसांत राहतो. सासूबाईंनी वाडगं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्या घरात शिकरण बंद झालं. सासऱ्यांना त्याचं काही नव्हतं, ते पुढच्या पानावर पोचले होते. "अन् गेलेल्या माणसाचं नाव पुन्हा कोणी घेत नाई. घेतलं की त्याले जाता येत नाई, तो मागं फिरते. जित्या माणसाचं बी तोंडावर नाव घेणं म्हणजे त्याचा अपमान." सासूबाई आतून म्हणाल्या, "मंग आमी बाया आधीपासून यानोमामीच होय. चाळीस वर्षं झाली, मी कधी तुमचं नाव घेतलं?" खरंच होतं ते. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानातही त्या कार्डावरच्या नावावर बोट ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. सासरे पुस्तक मिटून त्यांच्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं यानोमामींबरोबर संसार केला आणि आपल्याला पत्ताच नाही, असा काहीसा तो चेहरा होता.

पुण्याला होकार कळवायला आठवडा उरला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. तिकडं दोन गावांत काही मागायचं, तोडायचं, जोडायचं असलं, की पाहुणा आणि यजमान समोरासमोर उकिडवे बसतात. एकानं एक तुकडा बोलायचा, दुसऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा, मग आणखी जोरात, आणखी भराभर. मनात जे असेल ते निघतं. मागितलेलं द्यायला कंजुषी करायची नाही, पण देणाऱ्यालाही मग मागायचा हक्क. हे तिकडं रात्रभर चालतं. सासऱ्यांना नऊला झोप येत असल्यामुळं आम्ही दुपारी तीनला बसलो.

"माही छत्री नेली," ते म्हणाले. "छत्री नेली," मी म्हणालो. "वापस नाई केली." "नाही केली." "मी जोक मारला, तुमी हासले नाई." "हसलो नाही." लय सापडली तसे ते खुलले, मांडीवर थाप पडू लागली, आवाज चढला. मलाही चढत गेलं. पुटू दिला नाही, सिलिंडर उचलायला लावला, फ्रिजशी बोलायला लावलं, हे मी मोठमोठ्यानं सुनावलं आणि त्यांनी ते तितक्याच आनंदानं परत म्हटलं. दारात बायको तोंडावर ओढणी धरून हसत उभी होती. मग त्यांचा तुकडा आला, "घरात दोन माणसं." "दोन माणसं." "सांजच्याले टीव्ही बोलते." "टीव्ही बोलते." "बाकी कोणी नाई बोलत." तेही मी तसंच परत म्हटलं. "पोट्टी चालली," ते म्हणाले. "पोट्टी चालली," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. इतके दिवस आम्ही पुण्याला जाणार असं मी म्हणत होतो. पोट्टी चालली असं मी तोवर कधी म्हटलंच नव्हतं. पुढचा तुकडा त्यांनी अगदी हळू टाकला. "तीन पावसाळे द्या."

"तीन पावसाळे," मी म्हणालो, आणि पुढं जे म्हणायचं नव्हतं तेही म्हणालो, "दिले." आता मागायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "पण तुम्हीही कुठं जायचं नाही." ते म्हणाले, "कुठं जायाचं नाई." करार झाला. मग लक्षात आलं की उठता येत नाही. त्यांचे गुडघे धरले होते, माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, दोघं एकमेकांच्या कोपरांना धरून तसेच डुलत राहिलो. शेवटी सासूबाई पडद्याबाहेर आल्या, आणि सगळी अदब गुंडाळून त्यांनी आम्हाला एकेका हातानं उभं केलं. बायको म्हणाली, "मुझसे किसी ने पूछा?" आणि डोळे पुसत चहा टाकायला गेली. नकाराचं पत्र त्याच संध्याकाळी मी लिहिलं आणि पाठवलं तिनं.

दोन पावसाळे मी इमानानं सिलिंडर वाहिला, पुटू आणला आणि खाल्ला नाही. दुसरा पावसाळा सरता सरता तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सासरे गेले. करार त्यांनी मोडला. तीस वर्षांत कुणाला काटा मारला नाही त्या माणसानं, आणि मला मात्र एक पावसाळा कमी तोलून दिला. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. तेराव्याला पानात शिकरण होतं. सगळ्यांनी ते संपवलं.

त्यांचं नाव घ्यायचं नाही हे मी ठरवून टाकलं. एवढं लिहिलं, त्यात ते कुठं आलेलं नाही. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सिलिंडर घेऊन जिना चढत होतो, तर वर गॅलरीत सासूबाई मैदानाकडं तोंड करून उभ्या होत्या. भाषणाची वेळ झाली होती. आणि त्यांनी हाक मारली. 'अहो' नाही, 'ऐकलं का' नाही, चक्क नाव घेऊन, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट. मी सिलिंडर खाली ठेवला. म्हटलं, "आई, बाबा म्हणायचे ना, नाव घेतलं की त्याला जाता येत नाही, तो मागं फिरतो."

"ठाऊक हाय मले," त्या मैदानाकडं बघत म्हणाल्या. "रोज बसून ऐकलं ना मी. म्हणूनच तं घेऊन राहिली." आणि त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली, या वेळी थोडी मोठ्यानं.