शून्य परत देणारं फंक्शन

परवा इंदापूरहून बारामतीला येताना साखर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरला आणि मला कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आठवली. गाळपाच्या दिवसांत तिच्या खिडक्यांतून हाच वास येई.

मी काटेवाडीची, मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीतलं शिकवणं डोक्यावरून जायचं आणि विचारायची लाज वाटायची. एका दुपारी लॅबमध्ये माझा सी भाषेतला प्रोग्राम शेजारच्या कॉम्प्युटरशी काही केल्या जोडला जाईना. हे आपल्याला जमणार नाही, कॉलेज सोडायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

मला डोळे पुसताना पाहून लॅब घेणाऱ्या कदम मॅडम शेजारी येऊन बसल्या. त्या बारामतीजवळच्याच पणदऱ्याच्या. माझ्याशी गावाकडचंच बोलत.

"अगं, तू नेटवर्कचा पत्ता अक्षरांतच दिलाय. हे आकडं, ठिपकं आपल्यासाठी हायत. मशीनला बिट लागत्यात, म्हंजे नुसतं शून्य आन् एक."

पत्त्यातला पहिला आकडा, दहा, त्यांनी माझ्याकडून कागदावर शून्य-एकात लिहून घेतला. मग हेच काम करणारं inet_pton हे सी भाषेतलं तयार फंक्शन दाखवलं.

"पत्ता चुकीचा लिहिला तर?" मी हळूच विचारलं.

"तर ते शून्य परत देतं. म्हंजे, मला कळलं न्हाय. ते लाजत न्हाय, मग तू कशाला लाजतीस?"

प्रोग्राम जोडला गेला. मॅडमनी तेवढंच दुरुस्त केलं, असं तेव्हा वाटलं. आज प्रोग्रामिंगच्याच कामावर माझं घर चालतं, ते त्यांच्यामुळे.

लॅबमधल्या त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी भर वर्गात मी हात वर केला. "सर, मला समजलं नाही."

सरांनी फळा पुसला आणि पहिल्यापासून मराठीत समजावलं. माझ्या मागच्या बाकांवर भराभर वह्या उघडल्या.