हिरव्या रंगाखालची वाडी

"बाई, आधी साहेबांना द्या," म्हणत शिपायाने चहाचा ट्रे माझ्या हातात दिला.

मी चहा द्यायला गेले नव्हते. वेल्ह्याच्या सभागृहात प्रादेशिक आराखड्याची सुनावणी होती. रस्ते कुठे, दवाखाने कुठे, हे ठरणार होतं. हरकत घेणाऱ्यांच्या यादीत माझं नाव सातवं. पासलीच्या वरच्या वाडीची मी आशाताई, बाळंतिणींना दवाखान्यात पोचवणारी. पण विटलेली साडी, चिखलाच्या चपला. मी चहावालीच दिसले असणार.

आणि मी तो ट्रे घेतला. त्याची लाज अजून जात नाही. साहेब दिसला की आमची पाठ आपोआप वाकते.

कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती. सगळीकडे नकाशा. मी आमचा ओढा शोधला. सापडला. पलीकडे नुसता हिरवा रंग. वाडीच नाही. विचारलं, तर साहेबांनी कागद चाळले. पाहणी भर आवणीत, भातलावणीच्या दिवसांत झालेली. सगळ्या दारांना कड्या होत्या.

"तिथे कोणी राहत नाही, बाई. गोठे आहेत ते."

साहेब हसले. मग शेजारी बसलेले, जमिनींचे प्लॉट पाडून विकणारेही हसले.

भातलावणीला आमच्याकडे इर्जिक असते. आज एकाचं शेत, उद्या दुसऱ्याचं, आणि अख्खी वाडी तिथे. म्हाताऱ्या, लेकरंसुद्धा बांधावर. घरात कोण सापडणार?

त्यातल्याच एका गोठ्यात माझ्या जावेला कळा सुरू झाल्या होत्या. रस्ता नाही. ओढ्यापर्यंत तिला झोळीतून आणलं, मग टेम्पोत घातलं. टेम्पोतच ती बाळंत झाली. बाळ रडलंच नाही. ते माझ्या हातात होतं.

माझं डोकं फिरलं. ट्रे मी त्या हिरव्या रंगावर आदळला. चहा सांडला. शिपाई फडकं घेऊन धावला.

"पुसू नका," मी म्हणाले. "हितं मी ऱ्हाते."

कुणी हसलं नाही. साहेबांचा आवाज नरम झाला. पुन्हा पाहणी लावू म्हणाले, फक्त त्या दिवशी सगळ्यांनी घरी थांबायचं.

"न्हाई थांबणार. आवणी थांबत न्हाई. तुमी बांधावर या."

ते लेखी मागितलं, तर नंतर बघू म्हणाले. मी खुर्ची ओढून नकाशापाशीच बसले. जेवणाची सुट्टी झाली. पंखे बंद केले, दिवे घालवले. तरी मी उठले नाही. शेवटची एसटी सुटायच्या आधी शिक्क्याचा कागद माझ्या हातात पडला.

येत्या आवणीला ते येतील. चपला बांधावर काढायच्या, चिखलात उतरायचं, वाकलेलं एकेक माणूस मोजायचं. एक जरी सुटलं, तर मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावीन. चहा मात्र त्यांना आमच्या वाडीत मिळणार नाही.